उताराची तगाई

आमच्या लोणारात विनाकारण धावणाऱ्या मनुष्याकडे पाहण्याची जी एक खास नजर आहे, तिचा फौजदारी खात्यानेही हेवा करावा. एस. टी. सुटत असेल, म्हैस सुटली असेल अथवा कुत्रे मागे लागले असेल, तर धावणे हे केवळ क्षम्यच नव्हे तर कर्तव्यही मानले जाते. परंतु मागे कुत्रे नाही आणि पुढे एस. टी. नाही अशा निर्वेध स्थितीत, महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून उभी हयात बसून काढलेला एक प्रौढ गृहस्थ भल्या पहाटे अर्ध्या विजारीत मेहकरच्या रस्त्याने धापा टाकीत जाताना दिसला, म्हणजे त्याने आपली कैफियत दाखल केलीच पाहिजे असा येथील रिवाज आहे. "काहून पळून राह्यले साहेब? घरी सारं बरं हाय ना?" या पृच्छेस मी "हाफ मॅरेथॉनची तयारी" असे उत्तर दिले, की विचारणारा सायकलवरून उतरून, ती हाती धरून काही अंतर माझ्याबरोबर चालत येतो, आणि लिहिताना क्लेश होतात, पण त्यासाठी त्याला चाल वाढवावी लागत नाही.

या शर्यतीचे अंतर 21 किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. 1908 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू होऊन क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनांसमोर संपावी अशी योजना झाली, आणि त्या सोयीखातर ठरलेले 26 मैल 385 यार्डांचे अंतर 1921 साली कायम झाले. त्याच्या निम्म्याचा बोजा आज माझ्या गुडघ्यांवर चढला आहे. आमच्या मुलखात सांगायचे तर लोणारहून निघून सुलतानपूर थोडक्यात टाळावे आणि परत फिरावे. तरीही हे साडेसत्त्याण्णव मीटर मला मनापासून आवडतात, कारण हिशेबाची असली निष्ठा लोणारच्या वाट्यास फारशी आलेली नाही. आमच्या सरोवराचे वय काही विद्वानांनी 52 हजार वर्षे काढले, पुढे दुसऱ्यांनी निराळ्या पद्धतीने ते 5 लाख 70 हजार ठरविले, आणि दोघेही सन्मानाने नांदत आहेत. जमाबंदीच्या तक्त्यात याच्या शतांश तफावत निघाली असती, तर आमच्याकडून लेखी खुलासा मागविला गेला असता!

रस्त्यावरच्या चौकशा चुकवाव्यात म्हणून मी काही काळ विवराचा आश्रय घेतला. उल्केने काळ्या कातळात पाडलेला हा खड्डा काठापाशी सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि काठापासून पाण्यापर्यंत सव्वाशे मीटरांहून अधिक खोल आहे. गोमुखातून बारमाही पडणाऱ्या धारेजवळून पायऱ्या उतरू लागावे, तो सागाच्या आणि बाभळीच्या सावलीत देह असा काही आपोआप खाली ओघळतो की आपण जन्मजात धावपटू आहोत अशी मनाची बालंबाल खात्री पटते. कमळजादेवीचे दर्शन घेऊन तोंड फिरवावे, म्हणजे मघाशी मुक्तहस्ताने मिळालेला प्रत्येक मीटर आता चढ होऊन समोर उभा असतो. तगाई उचलताना कास्तकाराची जी मुद्रा असते ती माझी उतरताना असे, आणि वसुलीचा तलाठी दारात आल्यावर जी होते ती चढताना. काठावरची वानरे ही वसुली फार बारकाईने न्याहाळीत.

धावणाऱ्याने कोणा दैवतास शरण जावे, तर मारुतीवाचून दुसरे कोण? पण अंबर तळ्याकाठचा आमचा मोठा मारुती पडलेला आहे, अक्षरशः आडवा. ज्याने एका उड्डाणात समुद्र ओलांडला त्याने लोणारच्या हद्दीत येताच अंग टाकावे, यातील सूचना ध्यानात न येण्याइतका मी मूढ नाही. तथापि शर्यतीची फी भरून झाली होती आणि ती परत मिळण्याची तरतूद नियमावलीत नव्हती.

घरी निराळाच प्रकार. एकेकाळी या सरोवरातून दल्ला, खुप्पल, पापडी अशा नावांचे क्षार काढले जात. तो धंदा बुडाला अशी माझी समजूत होती. परंतु वैशाखातल्या एका लांब धावेनंतर काळा सदरा दोरीवर टाकला, तेव्हा पाठीवर घामाची पांढरी नक्षी उमटली होती, कडेला दाट आणि मध्ये विरळ, नखाने खरवडली असता भुरभुर गळणारी. विष्णूने दैत्यसूदन होऊन ज्याला मारले त्या लवणासुराचे मांस मीठ झाले ही कथा आत्याबाईंना मुखोद्गत. त्यांनी सदरा चिमटीत धरून निर्णय दिला, "देवानं एक लवणासुर मारला, अन् हा दुसरा तसाच ठेवला बाप्पा!"

शर्यत साताऱ्याची, 2012 पासून पावसाळ्यात भरणारी. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि त्याच वाटेने परतायचे. अर्ज भरताना मी हा मार्ग नकाशावर बोट ठेवून वाचला होता, पण त्याचा महसुली अर्थ मला घाटातल्या दुसऱ्या वळणावर उमगला. येथे वसुली आधी होती आणि तगाई मागाहून! चढ धुक्यात, ढोलताशाच्या गजरात आणि शाळकरी पोरांच्या टाळ्यांत एकवार निभावला. खरा घात उताराने केला. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून त्यांच्या तंतूंना इजा अधिक होते, असे शास्त्र सांगते. माझ्या मांड्यांना उतार ताज्या दमाने उतरण्याचीच सवय. थकल्यावर उतार लागतो ही गोष्ट त्यांना सर्वस्वी बेकायदेशीर वाटली, आणि त्यांनी असहकार पुकारला. मी घाट आडवा, खेकड्याच्या चालीने उतरलो. एक आजोबा ओलांडून जाताना "चला साहेब, आलंच आता!" म्हणाले, त्यांचे आले होते.

पदक घेऊन परतल्यावर चहाच्या हॉटेलात रीतसर चौकशी बसली.

"कितवा नंबर आला?"

मी आकडा सांगितला. तो चार अंकी होता.

"अन् बक्षीस?"

"बक्षीस नाही. उलट फी भरावी लागते."

सभेत क्षणभर कोणी बशी उचलली नाही. अखेर पाटील सावरून म्हणाले, "म्हणजे पैसे भरून पळाले, अन् मागून आले?" यावर माझ्यापाशी कायदेशीर उत्तर नव्हते. परंतु पाटील जुने व्यवहारी गृहस्थ. कुठलीही गोष्ट वाया जाऊ द्यायची नाही हा त्यांचा बाणा. त्यांनी विचारले, "दर रविवारी सुलतानपुराकडं जाता ना? मग आमच्या साडूकडं एवढा निरोप नेत चला."

आता रस्त्यात मला कोणी कारण विचारीत नाही. गेल्या रविवारी निरोपाबरोबर एक रिकामी पिशवी होती आणि येताना तीत साडूंनी अडीच किलो तूरडाळ घातली; त्यांचा आग्रह पाच किलोंचा होता.