छाट

संशोधन कसे करावे हे सांगण्याचा अधिकार मनुष्यास बहुधा संशोधन सोडून दिल्यावर प्राप्त होतो. आणि मला तो प्राप्त होऊन बराच काळ लोटला असल्यामुळे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधलेखनाच्या चार व्यवहार्य सूचना द्याव्यात असे निमंत्रण येताच मी आढेवेढ्यांचा शिष्टसंमत विधीही न पाळता होकार कळविला. विषय आखूड निवडावा. शीर्षकाच्या शेपटीला ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शब्द बांधल्याने अभ्यास चिकित्सक होत नाही. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी. आणि टिपणाच्या चिठ्ठीवर आधी ग्रंथकार, ग्रंथ व पृष्ठांक नोंदवून मगच मजकूर उतरवावा. ही शेवटची सूचना देताना माझी तर्जनी आपोआप वर गेली होती. त्या तर्जनीची हकीकत पुढे येईलच.

व्याख्यानानंतर एक विद्यार्थिनी आपले प्रकरण दाखवावयास आली. विषय, सोलापुरातील विडी कामगार स्त्रिया. सोबत संगणकाचा दाखला होता की इतर लेखनाशी साम्य केवळ ७ टक्के. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नसल्यामुळे ती निर्धास्त होती. मी मात्र दुसऱ्याच पानावर थबकलो. ‘वेदनेचे अधिष्ठान’ आणि ‘समष्टीचा हुंकार’ यांना एकाच वाक्यात नांदविण्याचे धाडस या जिल्ह्यात माझ्याखेरीज कोणी केलेले नव्हते. परिच्छेद माझा होता! यंत्राला तो सापडला नाही, कारण काळ्या रेक्झिनच्या बांधणीत निजलेले ग्रंथ यंत्रही वाचत नाही.

वास्तविक मला संताप यावयास हवा होता. परंतु जो प्रबंध मी, सोलापूरला २००४ साली स्वतःचे विद्यापीठ मिळण्याच्या कितीतरी आधी, एस.टी.त तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेऊन कोल्हापुरी पोहोचविला होता, त्याला अखेर एक वाचक लाभला या जाणिवेने माझा कंठच दाटून आला. घरफोडी व्हावी आणि घरधन्याने, आपल्याकडे नेण्याजोगे काही होते तर, या आनंदात पेढे वाटावेत, तशी माझी अवस्था झाली.

“हा परिच्छेद कुठून घेतलास?” मी शक्य तितक्या कठोरपणे विचारले.

“तुमच्याच प्रबंधातून, सर. नाव घालायचं राहिलं.”

नाव राहणे हा केवढा गुन्हा आहे हे सप्रमाण पटविण्यासाठी मी तिला दुसऱ्या दिवशी घरी बोलाविले आणि पत्नी चहा टाकीपर्यंत माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवून मूळ चिठ्ठी शोधून काढली. चिठ्ठीवर तो परिच्छेद होता. त्याच्या आरंभी अवतरणचिन्ह उघडलेले होते, ते बंद मात्र कोठेच झालेले नव्हते. आणि खाली माझ्याच वळणदार अक्षरात नोंद होती : ‘तत्रैव, पृ. ११२.’ तत्रैव म्हणजे त्याच ठिकाणी. परंतु ते ठिकाण ज्या आधीच्या चिठ्ठीवर नमूद असावे, ती चिठ्ठी कसरीने केव्हाच फस्त केली होती. समष्टीचा तो हुंकार मूळचा कोणाचा, हे मला आजतागायत समजलेले नाही. तर्जनी खाली आली.

येथे ऋणनिर्देशाविषयी बोलल्यावाचून मला राहवत नाही. प्रबंधाचा सर्वांनी वाचलेला भाग म्हणजे तेवढाच. कारण ज्याला त्याला आपले नाव शोधावयाचे असते. गृहीतकापेक्षा अधिक खल नावांच्या क्रमावर होतो : प्रथम मार्गदर्शक, मग प्राचार्य, मग मुदत उलटूनही पुस्तकांचा तगादा न लावणारे ग्रंथपाल, मग टंकलेखक, आणि सर्वांत शेवटी, जागा उरल्यास, पत्नी. मी बांधणीकाराचे नाव आडनावासकट छापले आणि पत्नीला ‘सौ.’ या दीड अक्षरात उरकले. त्याची वसुली अद्याप चालू आहे. परंतु खरी मौज अशी की, उपरोक्त विनियमांनी साम्याच्या तपासणीतून ऋणनिर्देश वगळला आहे. सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग शब्द १४ पर्यंतच माफ. कृतज्ञता मात्र पानेच्या पाने उसनी घ्यावी, सरकारची हरकत नाही!

चहा घेता घेता मुलगी आईविषयी बोलू लागली. घरची भाषा तेलुगू. आई रात्री पाने भिजत घालते, पहाटे ती मापाने कातरते, तंबाखू भरून विडी वळते, दोरा बांधते. आणि हजार विड्या कारखान्यात नेल्या की तपासणारा त्यांतल्या काही बाजूला काढतो. ती छाट. तिचे पैसे मिळत नाहीत, आणि ती परतही मिळत नाही.

“हे प्रकरणात का नाही?” मी विचारले.

“ते घरचं आहे, सर. संशोधनात कसं घालायचं?”

या वेळी मात्र मला खरोखरच राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता. ज्या वाक्यात कोणी माणूस नसतो तेच वाक्य विद्वत्तेचे, ‘आढळून येते’ आणि ‘म्हणता येईल’ यांच्या पडद्याआड उभे राहिल्यावाचून सत्याला अंगणात प्रवेश नाही, हे या मुलांना शिकविले कोणी? आम्हीच. तिने माझा हुंकार ठेवून आईची छाट केली होती.

मी तिला याच गावातून १९४३ साली निघालेल्या जीवराज जैन ग्रंथमालेच्या पहिल्या पुष्पाची, ‘तिलोयपण्णत्ती’च्या पहिल्या भागाची, गोष्ट सांगितली. संपादक दोघे, कोल्हापूरचे आ. ने. उपाध्ये आणि अमरावतीचे हिरालाल जैन. दुसरा भाग निघावयास १९५१ उजाडले. हस्तलिखितांतले जे पाठ त्यांना ग्राह्य वाटले नाहीत ते त्यांनी फेकून दिले नाहीत, तर पानाच्या तळाशी छापले, जेणेकरून उद्याच्या वाचकाला संपादकांचीही चूक काढता यावी. विद्वत्ता म्हणजे दुसरे काय? छाट करावी, परंतु ती लपवू नये. आणि करावयाची ती आधी उसन्या शब्दांची.

दीड वर्षाने प्रबंध घरी आला. रिवाजाप्रमाणे मीही प्रथम ऋणनिर्देशच उघडला. आईविषयी एकच वाक्य होते : ‘माझ्या आईची छाट या प्रबंधात मोजली आहे.’ त्याखाली माझ्याविषयी सात ओळी, ‘ज्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाविना’ पासून ‘शब्द अपुरे पडतात’ पर्यंत. मी माझ्या मार्गदर्शकांसाठी लिहिल्या होत्या, नेमक्या त्याच. आणि मीही त्या माझ्या आधीच्या एका पदवीधराच्या प्रबंधातून उतरविल्या होत्या.

विनियमांप्रमाणे तक्रारीस जागा नव्हती. पत्नीने माझ्या खांद्यावरून ते पान वाचले आणि म्हणाली, “निदान तुमचं नाव तरी घातलंय.”