सपाट माथ्याचे गिर्यारोहक

सह्याद्रीच्या पायथ्याशी जन्मास येण्याचे भाग्य ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना डोंगर चढण्यासाठी स्वतंत्र कारण शोधावे लागत नाही. कारण तेथील प्रत्येक उंचवट्यावर एखादा बुरूज, बुरुजाशी एखादी गंजकी तोफ आणि तोफेला टेकून इतिहास सांगणारा एखादा उत्साही गृहस्थ हटकून असतोच, आणि धापा टाकीत वर पोचलेल्या माणसाला आपण काही राष्ट्रकार्य केल्याचे समाधान तत्काळ लाभते. आम्ही पडलो यवतमाळ जिल्ह्याचे रहिवासी. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे पूर्वेकडे चालता चालता थकून जेथे पाय पसरून बसले, तेथे आमचा जिल्हा लागतो. आमच्या डोंगरांवर साग आहे, धावडा आहे, मोह आहे, पळस आहे; पण ज्याच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे आणि ते पुण्या-मुंबईच्या आप्तांना धाडून त्यांस खजील करावे, असे त्यांवर काही म्हणता काही नाही.

उंचीचा मुद्दा तर काढूच नये. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे हे आमच्या मास्तरांनी मुलांच्या दोन पिढ्यांकडून पाठ करून घेतले. परंतु खुद्द यवतमाळ शहरच सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेले असल्यामुळे जी काही चढण चढावयाची ती येथला माणूस जन्मतःच चढून बसलेला असतो, आणि पुढे उरलेल्या टेकडीवर उभे राहून गावाकडे पाहताना दृष्टी खाली वळवावी की सरळच ठेवावी असा क्षणभर संभ्रम पडतो. त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या लाव्हारसाने या डोंगरांचे माथे असे सपाट करून ठेवले आहेत की शिखर कोठे सुरू झाले हेच कळत नाही. अन्यत्र देव शिखरावर जाऊन बसतात आणि भक्ताला पायऱ्या चढावयास लावतात. आमच्या कळंबचा चिंतामणी भूपृष्ठाखाली विराजमान असून त्याच्या दर्शनास पायऱ्या उतरून जावे लागते. ज्या जिल्ह्यात प्रत्यक्ष गणपतीने उंचीचा हव्यास धरला नाही, तेथे टेकड्यांनी तो का म्हणून धरावा?

तथापि आम्ही चढतो. आणि बारमाही चढतो. कारण बऱ्याच अनुभवांती माझे असे मत झाले आहे की आमच्याकडे जी काही उंची आहे ती डोंगराला नसून हवामानाला आहे. येथील टेकडी एकच, परंतु चैत्रात, श्रावणात आणि पौषात ती तीन वेगवेगळ्या पर्वतांची कामगिरी बजावते.

आमच्या मंडळाला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. फक्त एक वही आहे. ही वही तहसील कचेरीत नाझर म्हणून हयात घालविलेल्या एका सद्गृहस्थांच्या ताब्यात असते, आणि ते सेवानिवृत्त झाले असले तरी त्यांच्यातील नाझर अद्याप रुजूच असल्यामुळे तीत तारीख, मौजे, हवामान, सोबतचे इसम आणि हरकती व शेरा असे रीतसर रकाने आखलेले आहेत. एखाद्या टेकडीला नाव नसले तर सामान्य माणूस ती तशीच चढून मोकळा होईल. नाझरसाहेब आधी 'टेकडी बिननावाची, पूर्वेस नाला, पश्चिमेस इतरांचे वावर, उत्तरेस व दक्षिणेस सरकारी जंगल' अशी तिची चतुःसीमा नोंदवतात आणि मगच पाऊल उचलतात. दुसरे आमचे भूगोलाचे मास्तर, ज्यांना कोणत्याही दगडाचे वय ठाऊक असते, मात्र तो पायाखाली आल्याशिवाय दिसत नाही. तिसरे वैद्यराज, जे प्रत्येक ऋतूत काय खाऊ नये हे सांगतात आणि नंतर ते खातात. चौथे वकीलसाहेब; यांना दम लागला असे कधी होत नाही, ते फक्त तहकुबी मागतात.

उन्हाळ्यातील प्रयाण पहाटे चारला ठरते. पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या मुलखात ही वेळ शास्त्रशुद्धच होय. परंतु वकीलसाहेबांना उठवणे, उठल्यावर त्यांच्याशी उठण्याच्या आवश्यकतेविषयी युक्तिवाद करणे आणि वैद्यराजांनी प्रत्येकाच्या खिशात लू न बाधण्यासाठी एकेक कांदा कोंबणे या विधींत सूर्यनारायण आमच्या आधी टेकडीवर पोचलेले असतात. त्यानंतरचा चढ हा सागवनातून असतो, आणि चैत्रातले सागवन हे सावलीच्या बाबतीत पूर्णतः नादार असते. सगळी पाने खाली आणि सगळे ऊन वर! ती परातीएवढाली वाळकी पाने पायाखाली असा काही चराचरा आवाज करतात की वकीलसाहेबांचे उत्तमोत्तम मुद्दे वाऱ्यावर जातात. वैशाखापर्यंत आमच्यात भांडण होत नाही याचे श्रेय मी आमच्या स्वभावांना देत नसून त्या पाचोळ्याला देतो.

अशाच एका सकाळी अर्ध्या चढावर आम्हांला मोहफुले वेचून परतणारी एक म्हातारी भेटली. डोईवर भरलेली टोपली, पायांत काही नाही, आणि चाल अशी की जणू ती सपाटीवरूनच येत होती. आमची काठी, पिशव्या, फेटे आणि नाझरसाहेबांची वही यांचे तिने सावकाश निरीक्षण केले.

"मोजणीवाले हाय का जी?"

नाझरसाहेबांचा चेहरा निवृत्तीनंतर प्रथमच असा उजळलेला मी पाहिला. परंतु सत्यास स्मरून त्यांनी आम्ही केवळ सहज वर चाललो असल्याचे कबूल केले.

"सहज?" म्हातारी म्हणाली. "वर कायी नाई बाप्पा. मी आत्ताच पाहून आली."

आणि ती उतरून गेली. आम्ही तेथेच बसकण मारली. वकीलसाहेबांनी हा प्रत्यक्षदर्शी, निःपक्षपाती व शाबीत पुरावा असून त्यावर अपील चालू शकत नाही असे ठासून सांगितले. त्यांच्या टाचेला फोड आला होता ही गोष्ट अलाहिदा. मास्तरांनी विज्ञानाच्या नावाने वर जाण्याचा आग्रह धरला. वैद्यराजांनी मधल्या वेळात खिशातला कांदा ठेच्याबरोबर खाऊन टाकला. अखेरीस नाझरसाहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात 'स्थानिक चौकशीअंती वर काही नसल्याचे समजते, सबब परत' अशी नोंद केली, आणि शासकीय कामकाजात जी प्रसन्नता क्वचितच आढळते ती घेऊन आम्ही घरी परतलो.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. डोंगर पायथ्यापासून सुरू होतो असे पुस्तकांत लिहितात. आमचा डोंगर बुटाच्या तळव्यापासून सुरू होतो. टेकडीवर मुरूम आणि काळा पाषाण असला तरी तेथवर जाण्याची वाट शिवारातून जाते, आणि कापसाला सोन्याचे मोल देणारी ती काळी माती चालणाऱ्याच्या पायाला अशा ममतेने बिलगते की प्रत्येक पावलागणिक बुटाखाली नवा थर चढत जाऊन पायथ्याशी पोचेपर्यंत प्रत्येकाची उंची चार-दोन बोटे वाढलेली असते. हा चिखल झटकून जात नाही. धुऊनही लवकर जात नाही. तो काटकीने खरवडावा लागतो, आणि एक बूट खरवडीपर्यंत ज्या पायावर आपण उभे असतो तो घोट्यापर्यंत जमा झालेला असतो. माणसाच्या अंगी मैत्री किती मुरली आहे याची परीक्षा अशा वेळी खांदा द्यावयास कोण पुढे येतो यावरून होते. आमच्यात कोणीच येत नाही, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या खांद्याच्या शोधात असतो.

पाऊस आला की सागाचे पान डोक्यावर धरावे ही रानातली जुनी रीत. ज्येष्ठ-आषाढात ती उत्तम चालते; परंतु भाद्रपदाच्या सुमारास एक क्षुद्र अळी पानातला सगळा हिरवा भाग खाऊन केवळ शिरांची जाळी शिल्लक ठेवते, आणि ती जाळी मस्तकी धारण करून भर पावसात 'वस्तुतः ही वनस्पती पर्जन्यनिवारणास अत्यंत उपयुक्त' असे सांगणारे आमचे मास्तर ज्याने पाहिले नाहीत त्याने शिक्षणव्यवस्थेवर बोलू नये.

गवत गुडघ्याला लागले की वकीलसाहेबांना हटकून १९३० साल आठवते. त्या वर्षीच्या १० जुलैला, म्हणजे ऐन पावसात, पुसदला राखीव जंगलातले गवत कापून लोकनायक बापूजी अणे यांनी वऱ्हाडात जंगल सत्याग्रह सुरू केला आणि त्यासाठी कारावास पत्करला. पुढे त्याच महिन्यात यवतमाळजवळच्या लोहाऱ्यालाही असाच सत्याग्रह झाला. समुद्र शेकडो मैल दूर, मीठ कोठून आणावयाचे? म्हणून आमच्या लोकांनी गवत धरले. बापूजी स्वतः वकील असल्यामुळे हा प्रसंग सांगताना आमच्या वकीलसाहेबांचा आवाज आपोआप चढतो, हात विळा धरल्यासारखा वळतो आणि ते एखादी पात उपटण्याच्या बेतात येतात, तोच मागून नाझरसाहेबांचा करडा स्वर येतो, "गवताला हात लावू नका. जंगल राखीव आहे." स्वातंत्र्य मिळून इतका काळ लोटला, पण हा खटला आमच्यात दर श्रावणात नव्याने उभा राहतो आणि पावसाची सर जोरात आली की निकालाविना तहकूब होतो.

हिवाळ्यात मात्र पाहुणे येतात. पुण्याहून आलेल्या एका स्नेह्यांना आम्ही खंडाळ्याच्या घाटात नेतो म्हणताच ते हरखले. तो घाट पुसदहून वाशिमला जाताना लागतो हे आम्ही त्यांना मोटारीत बसल्यावर सांगितले. त्यांच्याजवळ घडीच्या दोन काठ्या, अनेक कप्प्यांची पाठपिशवी आणि मनगटावर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारे एक घड्याळ होते. काठ्या आणि पिशवी यांचे आम्हांला काही वाटले नाही, पण त्या घड्याळाने नाझरसाहेबांचे मन जिंकले.

रस्ता सोडून आम्ही रानात शिरलो तेव्हा पहिला मुजरा कुसळांनी केला. पौषात वाळलेल्या कुसळी गवताचे हे बाण मोज्यांत एकदा शिरले की बाहेरची वाट विसरतात. त्यांच्या शेपटीला पीळ असतो, आणि दंव किंवा घाम लागला की तो सुटत जाऊन टोक आणखी आत घुसते. पुण्याचे पाहुणे महागड्या मोज्यांनिशी चार पावले चालत आणि पुढची चार मिनिटे एका पायावर उभे राहत. अनवाणी म्हातारीची आठवण त्या वेळी सर्वांनाच झाली, पण कोणी बोलले नाही.

दहाच्या सुमारास एका झाडाखाली मुक्काम पडला आणि रोडग्यांचा बेत सुरू झाला. रोडगे हे घाईचे अन्न नव्हे. कणकेच्या पाऱ्यांवर तेलाचा हात फिरवीत एकात एक गुंडाळून त्यांचे गोळे करावयाचे, गोवऱ्यांचा जाळ बसून लालभडक निखारे उरले की त्यांत ते पुरावयाचे, आणि मग ते आतपर्यंत भाजले की नाहीत यावर सर्वांनी आपापली मते द्यावयाची. वांग्याची भाजी शेजारी रटरटत असते. तिच्यात तिखट किती हे विचारावयाचे नसते. राख झटकून, फोडून, तुपात बुडवलेला रोडगा वैद्यराजांनी 'रात्रीपर्यंत पचणार नाही' असे बजावून तिसऱ्यांदा वाढून घेतला. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले ते आम्ही भावनावेगाचे समजलो.

चारच्या सुमारास पाहुण्यांनी सहज घड्याळाकडे पाहिले आणि ते दचकले. सकाळी बसलो त्यापेक्षा आम्ही पंचवीस-तीस मीटर उंच पोचलो होतो! मास्तरांना आयुष्यभर ज्या क्षणाची प्रतीक्षा होती तो आला. त्यांनी खुलासा केला, की हे यंत्र हवेच्या दाबावरून उंची ओळखते; आपल्या प्रदेशात हा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो, आणि दाब उतरला की माणूस चढला असे त्या बिचाऱ्या घड्याळाला वाटते. पाहुणे खट्टू झाले. आम्ही मात्र कृतकृत्य झालो. हवामानच आम्हांला उंची देते हे माझे मत यंत्राने शाबीत केले होते, आणि वकीलसाहेबांनी तर यापुढील सर्व आरोहणे बसूनच करावीत असा ठराव तेथल्या तेथे मांडला. नाझरसाहेबांनी वहीत 'चढण मीटर तीस, अंगमेहनतीशिवाय' असे लिहून पाहुण्यांची सही घेतली.

परतीच्या वाटेवर त्या पाहुण्यांनी, काहीशा सुडाच्या भावनेने, आमच्या जिल्ह्यात खरा चालणारा कोणी झाला आहे काय असे विचारले. झाला आहे. टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ साली वन विभागाने रेडिओचा पट्टा बांधला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे पावसाच्या तोंडावर, हे महाशय घर सोडून निघाले. आदिलाबादकडे डोकावून, शेते, नाले, हमरस्ते ओलांडीत, जिल्ह्यामागून जिल्हे मागे टाकीत ते बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचले. पट्ट्याने नोंदवलेली त्यांची एकूण चाल ३००० किलोमीटरांहून अधिक भरली. ऊन, पाऊस, थंडी तिन्ही झाली. खिशात कांदा नाही, पायांत मोजे नाहीत.

ही हकीकत ऐकून आमच्यात गंभीर चर्चा झाली. नाझरसाहेबांची हरकत अशी, की इतक्या जिल्ह्यांच्या आणि दोन राज्यांच्या हद्दी ओलांडताना कोठेही दरखास्त दिलेली नाही. तरीही थोर मनाने त्यांनी वही उघडून या प्रवासाची नोंद केली, आणि 'सोबतचे इसम' या रकान्यात 'निरंक' लिहिले.

"म्हणूनच तीन हजार झाले," वकीलसाहेब म्हणाले. "आपण सोबत असतो तर तो पांढरकवड्याच्या पुढे गेला नसता. तेथे चहा बरा मिळतो."

चहाबरोबर आलुबोंडा घेतला असता की भजी, यावर मात्र मंडळाचे एकमत होऊ शकले नाही, आणि पुसदच्या बसस्थानकावर आम्ही दोन्ही मागवली.