आळेफाट्याचे मेजर

आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-नगर रस्ता एकमेकांना कापतात. त्या चौकापासून हाकेच्या अंतरावर मेजरांचं कृषी सेवा केंद्र आहे. मेजर सैन्यात कधीच नव्हते. तरुणपणी भरतीला गेले, उंची भरली, छाती भरली, पण तळपाय सपाट निघाले आणि साहेबाने परत पाठवलं. दुसरा कुणी असता तर सैन्यावर रुसला असता. मेजर पायांवर रुसले आणि पायात काय घालायचं या एकाच विषयाला त्यांनी स्वतःला वाहून घेतलं. तणनाशक मागायला आलेल्या गिऱ्हाइकाचे ते आधी पाय बघतात, मग पीक विचारतात.

स्वतः मात्र निळ्या पट्ट्यांच्या स्लिपरवर. त्यांचा खरा बूट घरी कपाटात होता. वाळूच्या रंगाचा, आठ इंची, ‘टॅक्टिकल’ जातीचा. तो रोज घालून झिजवायचा नसतो, एवढं त्यांचं पक्कं होतं. स्लिपर घालून बुटांवर प्रवचन करणाऱ्या माणसाला दुसऱ्या गावाने हसून घालवलं असतं. पण इथून जवळच, आळ्याला, वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे. ज्ञान कुणाच्या तोंडून येतंय याची या मुलखात फारशी चौकशी होत नाही.

शनिवारी हरिश्चंद्रगडाला निघालेली पुण्याची पोरं फाट्यावर उतरतात आणि ओतूरवरून माळशेजकडे जाणारी गाडी धरून खुबी फाट्याला जातात. गाडी येईपर्यंतचा वेळ मेजरांचा.

“दादा, बूट नवा दिसतोय.”

“हो काका, ऑनलाइन मागवला.”

“सकाळी घालून बघितला असणार.”

पोरगं गप्प. मेजर मग सांगतात, की बूट संध्याकाळी घालून बघावा. दिवसभर चालून-उभं राहून पाय फुगतो, आणि गडावर जाणारा पाय हा फुगलेलाच पाय असतो. एव्हाना बूट सैल करायला लावलेला असतो. पाय पुढे सरकव, म्हणतात, आणि टाचेमागे स्वतःची तर्जनी घालतात. बोट जेमतेम गेलं तर बूट पास. गेलंच नाही तर, “टोलार खिंड उतरताना अंगठ्याचं नख काळं करून घेणार तू.” मग बूट पायातून काढून घेतात. एका हातात टाच, दुसऱ्या हातात चवडा, आणि ओला पंचा पिळावा तसा पिळतात. नंतर वाकवतात. बूट बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मध्येच वाकला तर मेजर तो जमिनीवर ठेवतात आणि दुःखाने रस्त्याकडे बघतात.

एकदा ही तपासणी रंगात आली असताना गाडी आली. पोरगं घाईने चढलं आणि डावा बूट मेजरांच्या हातात राहिला. मेजरांनी मोटारसायकल काढली, ओतूरला गाडी गाठली आणि खिडकीतून बूट दिला. देतानाही सांगून आले, “मोजा सुती आहे, बदल. घाम धरून ठेवतो, फोड येतील.”

यातलं काहीही खोटं नाही, हीच तर पंचाईत. मेजर थापाडे असते तर लोकांनी त्यांना टाळलं असतं. वॉटरप्रूफ बुटावर ते जे बोलतात ते मी दुकानदारांना ऐकवलंय. माळशेजचा पाऊस खालून येत नाही, वरून येतो. पोटरीवरून ओघळून बुटात उतरतो, आणि पाणी आत न घेणारा बूट ते बाहेरही सोडत नाही. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकनांच्या जंगल बुटांना तळाजवळ बारीक भोकं होती, आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून. मेजर ही भोकं हवेत बोटाने काढून दाखवतात. टिकाऊपणाचंही तसंच. कडक रबर टिकतं, पण ओल्या शेवाळल्या कातळावर घसरतं. मऊ रबर कातळ धरतं आणि लवकर झिजतं. दोन्ही एका बुटात देतो म्हणणारा विकणारा असतो, चालणारा नसतो.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट व्हिताले ब्रामानीची. 1935 साली आल्प्समध्ये त्याच्याबरोबर गेलेले सहा गिर्यारोहक वादळात अडकून गारठून मेले. त्यांच्या पायातले बूट त्या चढाईच्या कामाचे नव्हते. ब्रामानीने मग पिरेली या टायरवाल्या कंपनीच्या मदतीने खोल खाचांचा रबरी सोल काढला, 1937 साली पेटंट घेतलं, आणि आपल्या नावा-आडनावाची सुरुवातीची अक्षरं जोडून त्याला व्हिब्रम म्हटलं. 1954 मध्ये के-टू शिखरावर पहिल्यांदा माणूस पोहोचला तो याच सोलवर. हे सांगताना मेजरांचा आवाज भरून येतो. एकदा ही गोष्ट चालू असताना दुकानात खताची पोती उतरवायला आलेले एक मामा होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी टायरच्या चपलाच की,” मामा म्हणाले आणि आपला पाय पुढे केला.

मेजर वाकले, खाचा बघितल्या, आणि त्यांना नाही म्हणता येईना.

मामांसारख्या शेतकऱ्यांशी मेजरांचं जमत नाही, कारण त्यांना बूट खरोखरच लागतो. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची. उसाला, कांद्याला पाणी भरायला बाराला उठून जायचं. बांधाला घोणस, उसात बिबट्या. मेजर टॅक्टिकल बूट सुचवतात. मामा विचारतात, “बिबट्या काय पायाला धरतो व्हय?” बिबट्यापुढे बुटाचं काही चालत नाही, हे मेजरांनाही मान्य. तिथे बॅटरी आणि सोबत हवी. पण सापाच्या बाबतीत त्यांचंच खरं. अंधारात चालताना दंश बहुतेक पावलाला नाहीतर घोट्याला होतो, आणि झालाच तर तडक नारायणगाव गाठायचं. तिथे डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रोगी वाचवतायत. अशा वेळी पायात काय असावं? तर गमबूट. पोटरीपर्यंत येतो, चिखल धुऊन निघतो, नव्या पाइपापेक्षा स्वस्त. तो मेजरांच्याच दुकानात स्प्रे पंपांच्या शेजारी टांगलेला असतो. मेजर तो विकतात, पण सोवळं मोडल्यासारखा चेहरा करून.

कपाटातला बूट अखेर बाहेर आला तो पुतण्याच्या हट्टामुळे. पुतण्याचे मित्र हरिश्चंद्रगडाला निघाले होते, काकांनी नुसतं बोलू नये, एवढंच त्याचं म्हणणं. मेजरांनी खोका उघडला. बूट सात वर्षांचा आणि कोरा करकरीत. पायथ्याच्या खिरेश्वरहून निघताना त्यांनी वरच्या दोन हुकांत लेस उलटी फिरवून टाच जखडली, सगळ्यांना जखडायला लावली. टोलार खिंडीच्या अलीकडे उजव्या पायातून फतफत आवाज यायला लागला. पुढच्या वळणावर अख्खा सोल टाचेकडून सुटून मागे राहिला. डावा फार वेळ मागे राहिला नाही.

दुसऱ्या कुणी कंपनीला शिव्या घातल्या असत्या. मेजर मोज्यांनिशी कातळावर बसले, सोलचा तुकडा चुरगळून बघितला, त्याचा भुगा पडला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हायड्रोलिसिस!” ते म्हणाले.

पॉलीयुरेथेनचा फेस हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो. बूट घाला नाहीतर देवघरात ठेवा, काही वर्षांनी तो जातोच, आणि बंद खोक्यात ठेवलेला तर चांगलाच जातो. हे पोरांना समजावण्यात त्यांचा अर्धा तास गेला. शेवटी खिरेश्वरच्या वाटाड्याने पिशवीतून प्लॅस्टिकच्या चपला काढून दिल्या. मेजर त्या घालून खाली आले, वाटेत वाटाड्याला त्या चपलेच्या तळाचे दोष सांगत. वाटाड्या अनवाणी पुढे चालत होता.

आता नवा बूट आला आहे. सोल रबराचा, वरून शिवलेला. आणि बूट वापरात राहिला पाहिजे हा धडा मेजरांनी इतका मनावर घेतला आहे की तो सकाळी सातला पायात चढतो आणि रात्री दुकान बंद झाल्यावर उतरतो. दुकान ते चहाची टपरी, टपरी ते दुकान. मे महिन्यातसुद्धा. व्हायचं तेच झालं, बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. डॉक्टरांनी मलम दिलं, पायाला वारा लागू द्या म्हणाले. मेजरांनी विचारलं, मग चपलेचा सोल कुठला घेऊ?

परवा दुकानात मामा आले होते. मेजर काउंटरखाली एका पायाने दुसरा पाय घासत होते.

“बुरशीच हाय ना?” मामा म्हणाले. “मग त्या फळीवरलं बुरशीनाशक मारा की. आमच्या टोमॅटोला गुण आला.”

मेजरांनी फळीवरून डबा काढला, चष्मा लावला, मागचं बारीक अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि डबा जागेवर ठेवला.

“द्राक्ष आहे, टोमॅटो आहे, बटाटा आहे,” ते म्हणाले. “पाय नाही.”