जेसीबीवाले शेठ

जेसीबीवाले शेठ ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः तालुक्याच्या गावापासून पाच-दहा किलोमीटरच्या परिघात, हमखास आढळणारी जात आहे. वय तिशी ते पन्नाशी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटात सोन्याचे कडे आणि खिशात दोन मोबाइल, ही बाह्य लक्षणे. एका मोबाइलवर कामे येतात, दुसऱ्यावर फायनान्स कंपनी. दुसरा सहसा सायलेंटवर असतो.

बहुतेक शेठ ट्रॅक्टरपासून उत्क्रांत झालेले दिसतात. काहींची जमीन महामार्गात गेलेली असते आणि मोबदल्याची रक्कम बँकेत पडून राहणे घरच्यांना बघवत नाही. पैसे शेतात घालावेत असे फक्त वडील म्हणतात. बाकी सर्वांचे मशीनवर एकमत होते.

यंत्र कसे निवडावे याचा शास्त्रीय क्रम असा : आधी जमीन पाहावी, मग काम, मग खोली, शेवटी दोन कामांमधले अंतर. शेठ आधी चुलतभावाने काय घेतले ते पाहतात. सुदैवाने दोन्ही वाटा बऱ्याचदा एकाच ठिकाणी येतात. पुढे लोडरची रुंद बकेट आणि मागे खोदणारा हात असलेले, साडेसात टनांच्या आसपासचे चाकांवरचे मशीन किरकोळ कामांना खरोखरच सोयीचे आहे. ते स्वतःच डांबरी रस्त्याने जाते, त्यामुळे सकाळी एका गावात पाइपलाइनची चारी, दुपारी दुसऱ्या गावात घराचा पाया आणि संध्याकाळी तिसऱ्याचा बांध असा दिवस भरतो. (बांध कोणाचा, हे काम संपल्यावर कळते.) जेसीबी कंपनी १९७९पासून हरियाणातल्या बल्लभगडला आणि पुढे पुण्याजवळ तळेगावलाही यंत्रे बनवू लागली. त्यामुळे सुटे भाग आणि मिस्त्री फार लांब शोधावे लागत नाहीत. हे कारण सर्वांत भक्कम आहे. शेठ मात्र ते कधीच सांगत नाहीत. ते सांगतात, ‘नाव आहे ना मार्केटमध्ये!’

चेनवरचे पोकलेन ही पुढची पायरी. वीस टनांच्या वर्गातले पोकलेन विहीर, शेततळे किंवा तलावातला गाळ अशा दांडग्या कामात जेसीबीला मागे टाकते. पण चेनवर रस्ता कापणे त्याला परवडत नाही. प्रत्येक कामाला ट्रेलर लागतो आणि चार तासांच्या कामात ट्रेलरचे भाडेच नफा खाते. काळ्या रानात पाऊस झाल्यावर मात्र जेसीबीची चाके रुतून बसतात आणि ती ओढायला पोकलेनच बोलवावे लागते. ते बहुधा चुलतभावाचे असते. तो त्याचे पैसे घेत नाही, आणि हे शेठना आयुष्यभर सलते.

जुने मशीन घेताना मीटरवर विसंबू नये. तासांचा आकडा मागे नेण्याची कला सर्वत्र विकसित झालेली आहे. पिन-बुशमध्ये किती खेळ आहे, सिलिंडरच्या दांड्यावर तेल पाझरते का, इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण काढल्यावर धूर उसळतो का, हे तपासावे. वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला मागावा. शेठ टायर दाबून पाहतात, हॉर्न वाजवतात आणि काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ कोणत्या रंगात टाकायचे ते ठरवतात.

मशीन दारात आले की खरा मालक कोण हा प्रश्न उपस्थित होतो. कागदोपत्री शेठ, व्यवहारात ऑपरेटर. तो झारखंड-बिहारचा असो की बीडचा, चांगला ऑपरेटर नुसत्या नजरेने लेव्हल काढतो, आणि अशा माणसाला कोणी रागावत नाही. गाव ज्यांना ‘शेठ’ म्हणते ते शेठ ऑपरेटरला ‘दादा’ म्हणतात. त्याची उचल, त्याचा मोबाइल रिचार्ज, त्याच्या बहिणीचे लग्न ही मशीनच्या देखभालीचीच कलमे समजावीत. वास्तविक देखभाल अगदी साधी आहे : दर दहा तासांनी, म्हणजे रोज, सगळ्या सांध्यांना ग्रीस; झिजलेले बकेटचे दात वेळीच बदलणे; होज पाइपवर लक्ष. ग्रीस चुकले की पिन-बुश जातात आणि हात खडखडू लागतो. खडखड ऐकून ऑपरेटर गाण्याचा आवाज वाढवतो.

दर तासावर ठरतो. ब्रेकरचा तास वेगळा आणि महाग, कारण दख्खनचा काळा पाषाण फोडताना खडकाइतकेच मशीनही हादरते. तास कोठून धरायचा यावर मात्र एकमत नाही. मशीनवरचे मीटर इंजिन चालू झाल्यापासून पळते, मग बकेट हलो न हलो. शेतकरी बांधावर बसून स्वतःच्या घड्याळाकडे पाहतो. ऑपरेटर चहा प्यायला उतरला आणि इंजिन चालूच राहिले, तर तो चहा तालुक्यातला सर्वांत महाग चहा ठरतो.

मशीन कुठे आहे, किती तास चालले, डिझेल किती उरले, हे आता कंपनीच्या सोयीमुळे शेठना मोबाइलवर दिसते. लग्नाच्या पंगतीत बसून ते जिलेबीबरोबर डिझेलची पातळी चाखत असतात आणि ती अचानक उतरली तर जिलेबी सोडून उठतात. ही सोय गिऱ्हाइकाकडे नसते. त्यामुळे ‘निघालीये गाडी, पाच मिनिटांत पोचतीये’ हे वाक्य मशीन आधीच्या कामावर असतानाही निर्धास्तपणे बोलता येते.

मुरमाच्या कामात शेठची बुद्धी सर्वाधिक तेज चालते. मुरूम ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गौण खनिज असल्याने स्वामित्वधन भरावे लागते, परवाना लागतो. तलाठी रजेवर कधी आणि तहसीलदारांची गाडी कोणत्या रस्त्याला, याची माहिती शेठकडे कार्यालयापेक्षा अद्ययावत असते.

सर्वांत मानाचे काम म्हणजे मिरवणूक. निवडणुकीचा निकाल लागला की मशीन धुऊन निघते, ऑपरेटरला फेटा बांधला जातो, बकेट वर जाते आणि नेत्यावर गुलाल, फुले कोसळतात. घरांचे आणि जनावरांच्या गोठ्यांचे पाये खणलेल्या बकेटीला एवढा मान दुसरीकडे मिळत नाही. या कामाचे बिल करायचे नसते. डिझेलही शेठचेच. फोटोत शेठ असतात. मशीनचा फोटो स्वतंत्र काढून स्टेटसला ठेवला जातो.

जमाखर्च शेठच्या डोक्यात असतो आणि तिथे तो नेहमी फायद्यात असतो. रोजचे तास गुणिले दर, वजा डिझेल, वजा ऑपरेटर, एवढे गणित त्यांना तोंडपाठ असते. हप्ता वेगळा धरतात, उधारी जमेत धरतात आणि घसारा धरतच नाहीत. उधारी वसूल होते ती पुढच्या उन्हाळ्यात, जेव्हा त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा मशीन लागते.

शेठकडून काम करून घेणाऱ्याने सुरुवातीचा आणि शेवटचा मीटर स्वतः लिहून घ्यावा, डिझेल कोणाचे हे आधी ठरवावे, चहा काम संपल्यावर द्यावा. आणि मशीन निघाल्याचा फोन आला तर खुशाल जेवायला बसावे.