वीज गेल्यावर उघडणारी बाग

मे महिन्यात धाराशिव जिल्ह्यात भर उन्हात अंगणात बसतात ते फक्त पापड आणि कुरडया. तरीही घर बांधून झालं की बाग आखली जाते ती दिवसासाठी: समोर हिरवळ, कडेला लाल जास्वंद, मधोमध सिमेंटचा बाक. हिरवळीची कल्पना जिथून आली तिथे ऊन पडलं की लोक घराबाहेर पळतात. आपण आत पळतो. पारा चाळिशी ओलांडल्यावर त्या बाकावर टेकणं म्हणजे तव्याची चौकशी करणं. बागेला पाणी घालायचं मालकाने आणि ती बघायची पडद्याच्या फटीतून, हा व्यवहार काही खरा नाही. म्हणून इथली बाग दिवेलागणीनंतरसाठीच आखावी, असं माझं म्हणणं आहे.

पहिला पुरावा डोळ्यांचा. अंधार पडला की रंग ओळखणाऱ्या पेशी रजेवर जातात आणि लाल रंग आधी मावळतो. दिवसा मिरवणारं जास्वंद रात्री नुसतं काळं भोक दिसतं. पांढरं फूल मात्र मिळेल तेवढा उजेड परत करतं. हे फुलांना आपल्या आधी कळलं. अंधारात पतंगांना बोलवायचं तर रंगावर खर्च कशाला? जुई, रातराणी, निशिगंध यांनी ती सगळी तरतूद वासाकडे वळवली. पारिजातक रात्री उमलतो आणि पहाटे सडा टाकून मोकळा होतो. आणि तगर तर इथलीच म्हणावी लागेल, कारण जिल्ह्यातल्या तेरचं जुनं नावच तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्या बाजारपेठेची नोंद आहे. गावाचं आणि झुडपाचं नातं काय, यावर पंडितांनी भांडावं; आपण कुंपणाला तगर लावावी. वास बेताचा, पण चांदण्यात चुना मारल्यासारखी उठून दिसते.

यावर कोणी म्हणेल, हे बादशाही चोचले. खरंच आहेत. ताजमहालासमोर यमुनेपल्याड मेहताब बाग आहे, म्हणजे चांदण्याचीच बाग. आपल्याकडे नळदुर्गात आदिलशाहीत बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात बाहेर पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा बसून गारवा खातो. पण बादशहा सोडा. शेतीपंपाची वीज रात्री येते तेव्हा मफलर गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन हरभऱ्यात दारं धरणारा शेतकरी कोणत्या रात्रीच्या बागेत असतो? फरक एवढाच, की त्याला तिथे बसायला कोणी बाक ठेवलेला नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि दुष्काळी जिल्ह्यात तो हसण्यावारी नेता येत नाही. पण ड्रॅगनफ्रूट बघा. निवडुंगाच्या कुळातलं हे झाड आपली छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, त्यामुळे पाणी कमी उडतं. आणि वीतभर पांढरं फूल रात्रीच उमलवून सकाळी मान टाकतं. दिवसभर दार बंद आणि संध्याकाळी बाहेर, म्हणजे स्वभावाने ते आपल्यासारखंच. तिसरा आक्षेप सापाचा: रातराणीच्या वासाने साप येतो म्हणतात. सापाला अत्तराचा शौक नाही. तो येतो उंदरा-बेडकांसाठी, आणि उंदीर राहतात ‘कामाला येतील’ म्हणून वर्षानुवर्षं रचून ठेवलेल्या विटांच्या ढिगात. झाड नका तोडू, विटा हलवा. शेळीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. जिल्ह्याचं नाव बदललं तरी तिची जात उस्मानाबादीच राहिली, आणि ती बहुधा काळीभोर. अंधारात शिरली तर फूल नाहीसं झाल्यावरच कळायचं. बरं, रात्री ती खुंट्याला असते. दिवसा मात्र फाटक लावावंच लागतं. तिथे युक्तिवाद संपतो आणि कडी सुरू होते. उरले पहाटे काठीला आकडा बांधून देवासाठी दुसऱ्याची फुलं तोडणारे. दिवसाच्या बागेत मालक उठेपर्यंत झाड बोडकं होतं. रात्रीच्या बागेत मालकाचं भोगून झालेलं तेवढं ते नेतात. वर सफाईही फुकट.

शेवटचा आक्षेप उजेडाचा. पायवाटेपुरता, गुडघ्याखाली, मंद पिवळा दिवा पुरे. झाडांना रंगीत माळा गुंडाळल्या की बागेचा मांडव होतो आणि आलेला माणूस जेवणाची पंगत शोधू लागतो. अंधारच हवा, हे पटत नसेल तर उन्हाळ्यात रात्री वीज जाते तेव्हा पाहावं. पाच मिनिटांत अख्खी गल्ली अंगणात असते, बाज बाहेर येते, कोणीतरी मान वर करून चांदण्या बघतं. त्या घटकेला नाकाला काय लागतं आणि डोळ्याला काय दिसतं, त्यावरून बागेचा नकाशा काढावा. मग ‘आली, आली!’ असा ओरडा होतो आणि सगळे पंख्याखाली पळतात. तेव्हा एक जण तरी बाहेरच बसून राहिला, तर बाग जमली म्हणायची.