चकणा तुमचा, पेग त्यांचा

क्रूझची तिकिटं हातात पडली की मराठी कुटुंबात दोन याद्या होतात. चिवडा-बाकरवडीची पाकिटं किती आणि बाटल्या किती. पाकिटांना सहसा कुणी अडवत नाही. बाटल्यांसाठी मात्र पानभर नियम.

धंद्याचं गणित पक्कं आहे. चकणा तुमचा, पेग त्यांचा.

कार्निव्हल या क्रूझ कंपनीचंच बघा. २१ वर्षं पूर्ण केलेल्या प्रवाशाला माणशी ७५० मिलीची एक सीलबंद बाटली नेता येते. वाइन किंवा शॅम्पेन. तीही फक्त पहिल्या दिवशी, हातातल्या बॅगेतून. सात रात्रींच्या सफरीला पाच पेले. उरलेल्या रात्री काय करायचं, समुद्राकडे बघत बसायचं?

छे, बारकडे बघायचं.

बरं, ही एकुलती एक बाटली जेवणाच्या टेबलावर आणलीत तर बूच काढायचे १५ डॉलर. नॉर्वेजियन क्रूझ लाइन मनाने मोठी. वाइनच्या हव्या तेवढ्या बाटल्या आणा म्हणते. दर बाटलीला १५ डॉलर ठेवा, दीड लिटरची असेल तर ३०. मग ती स्वतःच्या केबिनमध्ये, दार लावून, दातांनी उघडलीत तरी. बूच तुमचं, दात तुमचे, काढणावळ त्यांची.

एवढी कडकाई कशासाठी? तर म्हणे प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी. लोकांनी बेसुमार पिऊ नये, कठड्यावरून खाली जाऊ नये. कुणाला पटणार नाही? पण त्याच कार्निव्हलचं ड्रिंक्स पॅकेज घ्या. दिवसाला १५ पेल्यांपर्यंत मुभा! शिवाय केबिनमधल्या एकाने पॅकेज घेतलं की दुसऱ्या प्रौढानेही घ्यायचं. बायको पिणारी, नवरा सोवळ्यातला, पैसे दोघांचे.

थोडक्यात, बारमधला पंधरावा पेला सुरक्षित आणि तुमच्या बॅगेतली दुसरी बाटली जिवाला धोका.

बरं, वाइनची बाटली न्यायची म्हणून कुणी पोर्ट उचलली तर? पोर्ट, शेरी, मादेरा या फोर्टिफाइड वाइन. म्हणजे वाइनमध्ये ब्रँडीच्या जातीची कडक दारू मिसळलेली. साध्या वाइनमध्ये अल्कोहोल १२-१४ टक्के, पोर्टमध्ये २० च्या आसपास. वाइन म्हणून आत घ्यायची की दारू म्हणून जप्त करायची? नियमात नेमकं लिहिलेलं नसेल तर निकाल देणार एक्स-रे यंत्रापाशी उभा असलेला रक्षक. अपील कुणाकडे करणार? मागे दोन हजार माणसांची रांग आहे.

खरी चेष्टा पुढेच आहे. ही पेयं एवढी फोफावली ती जहाजांमुळेच. पोर्तुगालची वाइन इंग्लंडला पोचेपर्यंत नासू नये म्हणून व्यापारी पिंपात ब्रँडी ओतू लागले. मादेरा बेटावरची पिंपं तर उष्ण कटिबंधातून हेलकावे खात फिरली आणि आतली वाइन बिघडायच्या ऐवजी सुधारली. मग लोक मुद्दाम पिंपं जहाजावरून फिरवून आणू लागले.

आता तिलाच जहाजाच्या शिडीवर विचारतात, तू कोण?

अमेरिकी कंपन्यांनी तर याबाबतीत जरा जपूनच बोलावं. १७६८ साली बॉस्टनमध्ये ब्रिटिशांनी जॉन हॅनकॉक या व्यापाऱ्याचं 'लिबर्टी' जहाज जप्त केलं. आरोप होता मादेरा वाइन जकात चुकवून उतरवल्याचा. खटला बारगळला आणि आठ वर्षांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सगळ्यात ठसठशीत सही त्याचीच. पुढे १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात तर कुठल्याच बंदराला न जाणाऱ्या सफरी निघत. हद्द ओलांडायची, प्यायची, परत यायचं. तेव्हा सुरक्षितता कुठल्या केबिनमध्ये झोपली होती?

प्रवासीही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. व्होडकात रंग कालवून माउथवॉशच्या बाटलीत भरतात. सनस्क्रीनच्या ट्यूबसारखे दिसणारे फ्लास्क चक्क बाजारात मिळतात. काहींनी पाण्याच्या बाटलीत दारू आणली, म्हणून २०१५ साली कार्निव्हलने प्रवाशांच्या पाण्याच्या बाटल्यांवरच बंदी घातली. पिणाऱ्यांनी दुसरी वाट शोधली. पाणीवाले अडकले.

मल्टिप्लेक्सची आठवण झाली ना? घरचा डबा आत नेऊ द्या म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात केवढं रण माजलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जागा मालकाची, बाहेरचं खाणं येऊ द्यायचं की नाही ते मालक ठरवेल. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्या. ठीक आहे. पण थिएटरातून निदान मध्यंतरात बाहेर पडून वडापाव खाता येतो.

जहाजातून मध्यंतरात बाहेर कसं पडणार?

बंदर लागलं की उतरून विकत घेऊ म्हणाल, तर बहुतेक कंपन्या ती बाटली शिडीवरच ठेवून घेतात आणि सफर संपताना परत देतात. जहाजावरच्याच ड्यूटी-फ्री दुकानातून घेतलीत तरी तेच. पैसे आज, बाटली घरी जाताना. दुकान त्यांचं, बार त्यांचा, मधला कपाटातला मुक्कामही त्यांचाच.

तेव्हा पोर्ट किंवा शेरी न्यायचीच असेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीला लेखी विचारा, उत्तर छापून घ्या आणि बाटलीसोबत हातातल्या बॅगेत ठेवा. एमएससीच्या जहाजावर निघाला असाल तर एवढेही कष्ट घेऊ नका. तिथे बाहेरची बाटली चालतच नाही.