सरावाचं कुलूप

कुलूप किल्लीविना उघडण्याचा छंद नव्यानं लागलेल्यांनी महागडी पारदर्शक कुलपं मागवू नयेत. शनिवारी काष्टीच्या आठवडी बाजारात यावं. जनावरांच्या बाजारापासून जरा पुढं, पोत्यावर मांडलेल्यातलं सगळ्यांत स्वस्त कुलूप घ्यावं. आतल्या पिना इतक्या सैल, की हलका पीळ देऊन तार फिरवली की एकेक टिक्‌ करून जागेवर बसते. विकणारा मात्र छातीठोक: "दादा, चोराच्या बापाला उघडायचं नाही!"

काष्टीच्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूर. शनिदेवाच्या भरवशावर तिथं परंपरेनं घरांना दारंच लावत नाहीत, म्हणजे छंदाचं वाटोळं. २०११ साली युको बँकेनं तिथं ‘बिनकुलपाची’ शाखा काढली. काचेच्या दाराला विजेवर चालणारं चुंबकी कुलूप तेवढं होतं. शनिदेवावर बँकेचा पूर्ण विश्वास. शंका फक्त भक्तांबद्दल.